घडी न मोडलेला खण

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट आहे, त्याची माफी पहिल्याच ओळीत मागते. ही वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवते आणि ती कुणी वाचावी असं मला वाटत नाही. तरी माफी मागून ठेवलेली बरी. माझ्या हातची एक चिठ्ठी गेल्या चैत्रापासून माळव्यात कुठेतरी हिंडते आहे. ती कुणाच्या हाती लागली तर त्या बाईला वाटेल, ही कोण आणि हे काय लिहून ठेवलंय. म्हणून निदान एका जागी सगळं पहिल्यापासून नीट लिहिते.

मी चौथी शिकले, खानदेशात, मराठी शाळेत. लग्न होऊन धारला आले. आमचे हे शाळेच्या मुलांची ऑटो चालवतात आणि मी चार घरी पोळ्या करते. चारही घरं आपल्या मराठी लोकांची. त्यांचे पणजोबा संस्थानात नोकरीला आले आणि इथलेच झाले. आता त्यांची नातवंडं भांडतात ती हिंदीत, आणि आरती म्हणतात ती मराठीत.

माझा आवाज लहान आहे. भाजीवाला मला दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा त्याच्या मनाने देतो. घरी आणायचा असतो पालक आणि मी मेथी घेऊन येते. मेथीची सवय झाली आहे आमच्या घराला.

आमच्या समोरच्या घरात मावशी राहतात. नात्याने कुणी नाहीत, पण गल्ली त्यांना मावशीच म्हणते. त्यांना ऐकू येत नाही. हे गल्लीला माहीत आहे, धारला माहीत आहे, फक्त मावशींना मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यांची लेक गंधवानीला शाळेत शिकवते. तिची मुलगी दीड वर्षाची झाली आणि फोनवर "आजी" म्हणायला लागली. लेक फोन लावते, सगळे म्हणतात, "बघ, आजी म्हणाली!" आणि मावशी फोन कानाला दाबून मान हलवतात. एकदा फोन कधीच कटला होता आणि मावशी मान हलवतच होत्या. मी समोरच बसले होते. त्या दिवशी त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कानाचं मशीन केवढ्याला येतं गं?"

सात हजाराला येतं. इंदूरचा एक मशीनवाला अक्षय तृतीयेनंतर धारला येतो, धर्मशाळेत दोन दिवस बसतो, कान तपासतो आणि तिथेच मशीन देतो. मावशींनी पापड-कुरडया विकून सात हजार जमवले, पाचशेच्या चौदा नोटा. पण घरात ठेवणार कुठे? त्यांचे यजमान कचेरीतून शिपाई म्हणून रिटायर झालेले, फार भले. कुणी हात पसरला की त्यांचा हात खिशात जातो, खिशात काही नसलं की मावशींच्या डब्यात जातो. म्हणून मावशींनी ते पैसे माझ्याकडे आणून दिले.

"तुझ्याकडे ठेव. तू कुणाला सांगणार नाहीस," त्या म्हणाल्या. आणि मग हसून म्हणाल्या, "सांगितलंस तरी कुणाला ऐकू येणार आहे!"

मी ते कुठे ठेवावे? आमच्या पेटीत खण आहेत. जुन्या घरांत खण म्हणतात, सुना ब्लाऊजपीस म्हणतात. बाईची ओटी भरताना नारळाबरोबर द्यायचं कापड. मिळाले की पेटीत जातात, कुणी आलं की पेटीतून निघतात. इकडून आलेला तिकडे, तिकडून आलेला पलीकडे. त्याची घडी कुणी मोडत नाही. मोडली की तो पुढे देता येत नाही ना! मला वाटलं, सगळ्या धारमध्ये खणाच्या घडीइतकी सुरक्षित जागा नाही. बँकेत माणसं आत जाऊन बघतात, खणाच्या आत कुणी बघत नाही. मी पेटीतला सगळ्यात देखणा खण निवडला, हिरवा, जरीच्या काठाचा, आणि त्याच्या आतल्या घडीत चौदा नोटा सारून दिल्या. पैशांना साधा खण मला बरा वाटला नाही.

मग गॅसची टाकी संपली. ह्यांच्या हातात पैसे नव्हते. मी एक नोट काढली. आठवड्याने परत ठेवणार होते. तेरा उरल्या.

तेवढ्यात चैत्रगौर बसली. आमच्याकडे हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. ज्या बाईला मान द्यायचा तिला वर खणही. माझ्याकडे गल्लीतल्या पाच-सहाजणीच येतात. त्या दिवशी अचानक वकीलकाकू आल्या. ज्यांच्या घरी मी सगळ्यात जास्त वर्षं पोळ्या करते त्या. सत्तरीच्या, ताठ, हातात काठी आणि काठीचा उपयोग फक्त दाखवायला. "दोन मिनिटं आले हं," म्हणाल्या आणि आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या.

वरती जे खण काढून ठेवले होते ते सगळे विरविरीत कापडाचे. वकीलकाकूंना तो द्यायचा? मी आत धावले, पेटी उघडली, सगळ्यात देखणा खण उचलला आणि त्यांच्या ओटीत घातला. तेव्हा मला अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवते.

चार दिवसांनी पोळ्यांचे पैसे मिळाले. पाचशेची नोट घेऊन मी पेटीपाशी गेले, ती परत जागेवर ठेवायला. खण नव्हता. नोट हातात, पेटी उघडी, आणि मी किती वेळ तशी उभी होते मला आठवत नाही. ह्यांनी येऊन विचारलं, "पेटीत काय बघून राहिलीस?" मी म्हटलं, "झुरळ."

आता वकीलकाकूंकडे जाऊन सांगायचं तर काय सांगायचं? की तुम्हाला जो मान दिला तो परत द्या? आणि त्यांनी जर तो पुढे दिला असेल, तर त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं की हो, तुझा खण मी न उघडता दुसरीला दिला? सगळ्याजणी देतात, पण दिला असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक बाई म्हणते, "अगं, तुझ्या खणाचं मी शिवायला टाकलंय."

त्याआधी मावशींना खरं सांगावं असं ठरवलं. मावशी गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. मी जवळ जाऊन माझ्या आवाजात सगळं सांगितलं, रडलेही थोडी. मावशी प्रेमाने हसल्या आणि त्यांनी मला दोन पापड दिले. मग मी आवाज चढवला. "मावशी, पैसे—" एवढंच म्हटलं तर गल्लीतल्या तीन खिडक्या उघडल्या. मी पापड घेऊन खाली आले.

बहिऱ्या माणसाला गुपित सांगता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडलं की ते गुपित राहत नाही. लिहून द्यावं, तर चौथीनंतर मी सामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तरी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलं. "मावशी, तुमचे पैसे माझ्या हातून गेले. खणात होते. शोधते आहे. त्यातले पाचशे मीच घेतले होते. माफ करा." चार वेळा लिहिलं, चारही वेळा अक्षर निराळं आलं. खाली नाव घालायला घाबरले. हातात कशी द्यायची? त्या वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघतील. म्हणून मी ती चिठ्ठी एका लाल खणाच्या घडीत घातली आणि मावशींची ओटी भरून टाकली. मला वाटलं, मी मोठी हुशारी केली.

एक दिवस गेला, दोन गेले. मावशी नेहमीसारख्या हसत होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खण कुणी उघडत नाही, हे ज्या बाईला पक्कं माहीत होतं, म्हणून जिने त्यात पैसे ठेवले होते, तिनेच त्यात चिठ्ठी ठेवली होती.

त्याच आठवड्यात वकीलकाकूंच्या घरी मी पोळ्या लाटत होते. काकू आंघोळीला गेल्या होत्या. त्यांची सून हातात एक जुनी लांबट वही घेऊन स्वयंपाकघरात आली. ती इंदूरची, शिकलेली, बँकेत आहे.

"ताई, देखो ना जरा," ती म्हणाली. "बाहेर पाहुणी बसलीये, तिला कोणता पीस द्यायचा ते सासूबाईंच्या वहीत बघून द्यायचं असतं, नाहीतर त्या माझं डोकं खातात. मला तर कुछ समजतच नाहीये. सगळे शब्द चिकटलेले."

माझे हात पिठाचे होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला काही वाचायला दिलं. मी हात पुसले. वहीत दोन रकाने होते, एक "आलेले" आणि एक "दिलेले". वीस-पंचवीस वर्षांचे खण त्यात होते. रंग, काठ, कुणाकडून आला, कुणाला गेला, म्हणजे ज्याचा त्याला परत जाऊ नये. एका ठिकाणी लिहिलं होतं, "जांभळा. हा आपलाच. तिसऱ्यांदा आला." खानदेशातल्या आमच्या मास्तरांचं अक्षर याहून वाईट होतं, मला सगळं वाचता येत होतं. पाहुणीसाठी मी मोरपंखी काढून दिला. आणि मग शेवटच्या पानावर दिसलं: "हिरवा, जरीकाठ. पोळीवाली. बरा आहे." त्यासमोर दुसऱ्या रकान्यात: "देवासच्या मास्तरीणबाई. मुंजीचं बोलावणं घेऊन आल्या तेव्हा."

"बरा आहे" वाचून आधी मला बरं वाटलं. भीती नंतर वाटली.

काकू आंघोळ करून आल्या. मी लाटणं हातात घेऊन म्हटलं, "काकू, देवासच्या मुंजीला पुरणपोळ्यांना बाई मिळाली का?"

"का गं? तू जातेस?" काकू थबकल्या. मी त्यांना आपणहून विचारलेलं पहिलंच वाक्य होतं ते.

"जाते."

"बसने?"

"जाते."

"एवढी कशाने शूर झालीस?" म्हणाल्या आणि लगेच फोन लावला.

पाचशेची ती नोट, जी मला पेटीत ठेवायची होती, ती मी देवासच्या बससाठी मोडली. धारहून इंदूर, इंदूरहून देवास. कंडक्टरने विचारलं, "कहाँ जाना है, बाई?" मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मागचा एक भिया, इकडे भाऊला भिया म्हणतात, वैतागून ओरडला, "देवास बोल री है भिया, देवास! कब से बोल री है!" साऱ्या बसला कळलं मी कुठे चालले आहे.

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत होता. मुंज त्यांच्या नातवाची. मी दीडशे पुरणपोळ्या लाटल्या, आणि बायका जेवून चटया टाकून पडल्या तेव्हा त्यांच्याजवळ गेले. खरं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून हळूच म्हटलं की वकीलकाकूंकडून जो हिरवा खण तुमच्याकडे आला तो चुकून आला, तो नवसाचा होता, देवीला परत द्यायचा आहे.

मी हे त्यांच्या कानात म्हटलं होतं. मास्तरीणबाईंनी वर्गात सूचना सांगावी तसं सगळ्यांना सांगितलं. "ऐका गं! नवसाचा हिरवा खण आपल्यात फिरतोय! ज्याच्याकडे असेल त्यांनी आणून द्या, उगीच देवीचा कोप नको!"

झोपलेल्या बायका उठून बसल्या. एकजण म्हणाली, "तरीच मेला माझा गुडघा! महिना झाला दुखतोय, आत्ता कळलं." दुसरी म्हणाली, "आमचा कुकर दोनदा उडाला." ज्या जवळ राहत होत्या त्या घरी धावल्या. अर्ध्या तासात माझ्यासमोर अकरा हिरवे खण. कुणी पोपटी आणला, कुणी शेवाळी, एकीने तर निळाच आणला आणि म्हणाली, "उन्हात हिरवा दिसतो."

आता उघडून बघायचे कसे? मी म्हटलं, नवसाच्या खणावर आतून हळदीचं बोट लावलेलं आहे, तेवढं बघते. एका खोटेपणाला दुसरा जोडताना मला जराही अडखळायला झालं नाही, याचं मलाच नवल वाटलं. एकेक घडी मोडली. पहिल्यात दुधाचा हिशेब निघाला, कुठल्या सालचा कोण जाणे, दूध फारच स्वस्त होतं. दुसऱ्यात बसचं तिकीट. चौथ्यात एक मिशीवाल्या माणसाचा पासपोर्ट फोटो. सातव्यात कडक इस्त्रीची हजाराची नोट, ती जुनी, बंद झालेली.

सगळ्या बायका वाकून बघत होत्या. मास्तरीणबाईंनी विचारलं, "कुणाची गं ही?" कुणी पंख्याकडे बघितलं, कुणी पदर सारखा केला. खण आणणारी म्हणाली, "मला तर हा खरगोनहून आलाय." म्हणजे मी एकटी नव्हते. कुणीतरी कधीतरी माझ्यासारखीच हुशारी केली होती, आणि पेटीपुढे उभी राहून झुरळ म्हणाली होती. फोटो मात्र एका सुनेने चटकन उचलला आणि चोळीत ठेवला.

माझा खण त्यांत नव्हताच. शेवटी मास्तरीणबाईंना आठवलं. "अगं, जरीकाठाचा ना? तो मी ह्या मुंजीच्या गुरुजींच्या बायकोला दिला, मुंजीच्या सामानाची यादी आणायला गेलो तेव्हाच. अमझेऱ्याला."

"तुम्ही उघडून बघितला होता?"

"मी कशाला उघडू? मला हिरवा शोभत नाही."

निघताना त्यांनी पोळ्यांचे पैसे विचारले. मी संकोचाने मान हलवली. ती मान नको म्हणते असं त्यांना वाटलं. त्यांनी माझी ओटी भरली. नारळ आणि एक पिवळा खण. बसमध्ये बसल्यावर पहिलं काम मी केलं ते घडी मोडून बघायचं. रिकामा होता.

अक्षय तृतीया चार दिवसांवर आली. रोज सकाळी मावशी दारातून मला बोटांनी मोजून दाखवत. चार. तीन. मी हसून मान हलवत होते, जशी त्या फोनवर हलवतात.

अमझेऱ्याला जायला काय निमित्त काढावं? ह्यांना म्हटलं, देवळात जाऊन येते. हे म्हणाले, "देवासला काय, अमझेऱ्याला काय! तू तर आजकाल नेत्यासारखी दौऱ्यावर असतेस." पाचशेतले उरलेले होते त्यातून तिकीट काढलं.

गुरुजींची बायको ओसरीवर गहू निवडत होती. साधी बाई, माझ्यासारखीच हळू बोलणारी. आम्ही दोघी बराच वेळ एकमेकींना "काय म्हणालात?" एवढंच विचारत होतो. शेवटी मी तिच्याबरोबर गहू निवडायला बसले आणि खाली बघत विचारलं. खाली बघितलं की मला बोलता येतं.

"हिरवा? होता की," ती म्हणाली. "तो मी धारच्या पापडवाल्या बाईंना दिला. मागल्या आठवड्यात पापड द्यायला आल्या होत्या. फार गोड बाई. मी काहीही बोलले की हसायच्या. मी म्हटलं, मागच्या वेळचे पापड खारट निघाले, तरी हसल्या. म्हटलं, पैसे पुढच्या महिन्यात देते, तरी हसल्या. अशा माणसाची ओटी भरल्याशिवाय कसं राहवेल?"

माझ्या हातातले गहू सुपात पडले.

"आणि त्यांनीही मला एक दिला," ती म्हणाली. "लाल. म्हणाल्या, मला ह्या वयात लाल काय करायचा."

"तो कुठे आहे?"

"तो परवाच गेला. गंधवानीहून एक बाई सत्यनारायणाला आली होती, तिला दिला." मग माझ्याकडे बघून घाबरून म्हणाली, "का? तोही नवसाचा होता?" देवासची बातमी माझ्याआधी अमझेऱ्याला पोचली होती.

म्हणजे माझी चिठ्ठी देऊन मावशींनी स्वतःचेच पैसे घेतले होते, आणि दोन्ही बायकांना काही ठाऊक नव्हतं. परतीच्या बसमध्ये मला हसू आवरेना. पैसे तर माझ्या दारासमोर आहेत! मावशींच्या कपाटात, घडीत. जाऊन सहज म्हणायचं, मावशी, तो हिरवा खण दाखवा बरं. दुसरा हातात द्यायचा, तो घ्यायचा, नोटा काढायच्या आणि त्यांना द्यायच्या. पाचशे तेवढे कमी, ते बघू.

गल्लीत शिरले तर मावशींच्या दारात ही गर्दी. मध्ये मावशी, आणि त्यांच्या कानात मशीन.

मी एक गोष्ट विसरले होते. सगळ्या समाजात मावशी एकट्या होत्या ज्या आपली चोळी आपल्या हाताने शिवतात. हिरवा रंग त्यांचा आवडीचा. अमझेऱ्याहून आणलेल्या त्या खणाची घडी त्यांनी त्याच सकाळी कात्री घेऊन मोडली होती.

"तेरा नोटा!" मावशी सांगत होत्या. "साडेसहा हजार! अगं गौरीनेच दिले. चैत्राचा महिना, ओटीतला खण, आणखी कोण देणार? मशीनवाला यंदा लवकर आला म्हणून कळलं, तशी गेले. तो सात म्हणाला. मी म्हटलं, देवीने साडेसहाच दिलेत, तिच्याशी भाव कर. त्याने हात जोडले आणि दिलं!"

सगळ्या बायकांनी खणाला हात लावून नमस्कार केला. आणि मग जे झालं ते धारने कधी पाहिलं नसेल. आठवडाभर घराघरांतल्या पेट्या उघडल्या. पन्नास पन्नास वर्षांच्या घड्या मोडल्या गेल्या. देवीने कुणाकुणाला काय दिलंय ते सगळ्यांनी बघितलं. नॅप्थलीनच्या गोळ्या निघाल्या. वकीलकाकूंनी वहीत एक नवीन रकाना आखला, "उघडलेले", आणि दोन दिवसांत वहीच बंद केली, कारण घडी मोडलेला खण पुढे देता येईना. ज्यांना देता येईना त्यांनी शिवायला टाकले. चौकातल्या दर्ज्याने दारावर पाटी लावली की दिवाळीपर्यंत नवीन काम घेत नाही.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी गर्दी पांगली आणि मावशींनी मला आत बोलावलं. "ये गं. आता तुझ्याकडचे सात आहेत ना, ते राहू देत. पुढच्या वर्षी दुसऱ्या कानाचं घेऊ."

तेव्हा मला कळलं की हे संपलेलं नाही. मावशींच्या हिशेबाने माझ्याकडे अजून सात हजार होते. माझ्या हिशेबाने ते त्यांच्या कानात होते.

गप्प राहिले असते तर वर्षभर वेळ होता. दोन घरं जास्त धरली असती तर सात हजार जमलेही असते, आणि मावशींची देवीही राहिली असती. मी तसा विचार केला, हे खोटं लिहिणार नाही. पण मावशी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, उजवा कान जरा पुढे करून. एवढं लक्ष देऊन माझं कुणी कधी ऐकलेलं नाही. मी माझ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. खिडकी एकही उघडली नाही. पेटी, गॅसची टाकी, वकीलकाकू, देवास, अकरा खण, खारट पापड, सगळं सांगितलं.

मावशींनी मशीन कानातून काढलं, त्याच्याकडे बघितलं, पदराने पुसलं आणि परत घातलं.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.

"अशीच हळू बोलतेस होय तू! मला वाटायचं, तू नुसते ओठ हलवतेस." मग त्यांनी बोटाने मशीन चाचपलं. "म्हणजे देवीने नाही दिले."

"नाही, मावशी."

"माझेच होते."

"हो."

"आणि त्या बाईने पापड खारट म्हटले?"

"हो."

याचा त्यांना देवीपेक्षा जास्त राग आला. बराच वेळ त्या पापडांबद्दलच बोलत होत्या. मग म्हणाल्या, "गल्लीत सांगू नकोस. बायका पेट्या उघडायला धावल्यात, उघडू देत. वारा लागेल कपड्यांना." आणि मी उठले तशी माझा हात धरला. "चौदा दिल्या होत्या मी. तेरा निघाल्या."

"एक मी घेतली होती. टाकीसाठी. मग ती परत ठेवणार होते, तर ती बसच्या तिकिटाला गेली."

"माझे पैसे शोधायला माझेच पैसे?"

मी मान खाली घातली. मावशी खूप हसल्या, आणि हसता हसता स्वतःचं हसणं ऐकून दचकल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ते मात्र द्यायचे हं. मशीनमध्ये सेल लागतो."

दुसऱ्या दिवशी गंधवानीहून फोन आला. मी मुद्दाम गेले नाही. दारातून बघितलं. मावशींनी फोन कानाला लावला आणि मान हलवली नाही. मग फोनमध्ये म्हणाल्या, "काय गं सोने, आणखी एकदा म्हण."

पाचशे एकदम जमले नाहीत. पहिल्यांदा दोनशे दिले, मग वैशाखात दोनशे. शेवटचे शंभर पोळ्यांच्या पैशातून निघाले. त्या दिवशी मी मावशींकडे गेले तर त्या पापड लाटत होत्या, मीठ चाखून चाखून. ओटी भरली नाही, खण नेला नाही. शंभराची नोट उघडी, सरळ त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली, कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "चौदा झाल्या."